पुराव्यानिशी

घरच्या ग्रुपवर मेहुण्याने ठोकून दिलं, "सरकारने निम्मे दवाखाने बंद केले!" माझं डोकंच फिरलं. ह्याला पुराव्यानिशी गप्प करायचं म्हणून मी सरकारी अहवालाची फाइल टाकली.

"भाऊजी, असले अहवाल पैसे देऊन लिहून घेतात," मेहुणा उसळला.

"नीट वाच! सगळं स्पष्ट लिहिलंय," माझा चुलतभाऊ त्याच्यावर तुटून पडला. दुपारभर दोघांची जुंपली.

संध्याकाळी बायकोने फाइल उघडली. "अहो, हे आपल्या वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक आहे."

मी मुकाट्याने माफी मागून खरा अहवाल टाकला.

"बघा, पकडले गेल्यावर कागद बदलला!" मेहुणा म्हणाला.

चुलतभाऊ माझ्यावरच भडकला. "दादा, माघार कशाला घेतोस? पहिलाच अहवाल चोख होता!"