शिंग फुंकल्यावर

देओलिंदाने शिंग पुन्हा फुंकलं. पोर्तुगालमधल्या बारोसोच्या डोंगरात सकाळी शिंग वाजलं की घरोघरची फाटकं उघडतात, आणि ज्या घराची राखणीची पाळी असेल त्याच्यामागून अख्ख्या गावच्या शेळ्या एका कळपाने चरायला जातात. आज पाळी देओलिंदाची होती. रस्त्यावर मात्र फक्त तिच्याच शेळ्या उभ्या होत्या.

गावाने तिला एका शब्दानेही दुखावलं नव्हतं. तिने वरचं कुरण लिथियमच्या खाणकंपनीला विकलं तेव्हापासून ती पावाच्या भट्टीपाशी गेली की बायकांना एकदम घरची कामं आठवत, एवढंच. कंपनीचा माणूस म्हणाला होता, तुमच्या दगडामुळे शहरातल्या गाड्या धुराशिवाय धावतील. खोटं नसेलही. पण गाव पाणी पितं ते त्याच कुरणातल्या झऱ्याचं. तिचा नवरा आदेरितो, जुन्या खाणीच्या धुळीने छाती गेलेला, तेव्हा घरात एकेका श्वासासाठी तडफडत होता. त्याच्या इलाजासाठी तिने पुन्हा खाणवाल्यांचाच पैसा घेतला. तो तरीही गेला.

आता राखणीची पाळी हातून गेली तर ती या गावची उरणार नव्हती. तिने परत शिंग ओठांना लावलं, पण फुंकरच येईना.

तेवढ्यात एक फाटक करकरलं. फेलिस्मिनाचं! तिच्या शेळ्या बाहेर आल्या, मागून ती. खाणीविरुद्ध गावात सगळ्यात मोठा आवाज हिचा. चर्चसमोरच्या भिंतीवर ‘खाण नको’ हेही हिनेच रंगवलेलं. देओलिंदाला रडूच आलं.

“देव तुझं भलं करो गं, फेलिस्मिना.”

“देवाला कशाला मध्ये ओढतेस? हाक त्या शेळ्या. लोक खिडकीतून बघतायत.”

“बघू देत की! तुझं बघून बाकीचेही फाटकं उघडतील.”

“नाही उघडणार.” फेलिस्मिनाने शाल घट्ट ओढून घेतली. “काल मीही सही केली, गावाला कळलंय. ओढ्याकाठची जमीन दिली. माझ्या पोराला, झेफेरिनोला, कंपनी इथे नोकरी देतेय. नाहीतर तो फ्रान्समधून कधी परतायचाच नाही गं.”

देओलिंदा तिच्या फाटकाच्या पायरीवर बसली.

“अगं, मी विकलं ते तुझ्या भरवशावर,” ती म्हणाली. “म्हटलं, फेलिस्मिना आहे तोवर खाण काही होत नाही.”

फेलिस्मिनाही तिच्या शेजारी टेकली.