नाळेवरचा वाकलेला पत्रा

मी एक जुना पोलादी पत्रा आहे, मित्रांनो. दिघीच्या खाडीत माणसांना पलीकडे नेणाऱ्या एका लहान बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, मी बसलो आहे.

भट्टीतून लाटून निघालो तेव्हा मी सपाट होतो. खाडीकाठच्या कारखान्यात मला आणलं, तेव्हा माझा जोडीदार पत्रा तिथे फाटून पडला होता. दाबयंत्राखाली वाकतानाच तो चिरला होता. बोटीचे मालक काळूरामकाका त्याच्याकडे बघत म्हणाले, "आता यो एकच ऱ्हायलाय, बाय. यो पण फाटला तर बोट चिखलातच बसंल. लोकांनी पलीकडं जायाचं कसं?"

त्यांची 'बाय' म्हणजे तिथली अभियंता मृणाल. तिने घाई केली नाही. माझ्या कडेची एक पट्टी कापून तिने ती तुटेपर्यंत ताणून पाहिली आणि मी किती सोसतो ते संगणकाला सांगितलं. मग पडद्यावर मी दिसलो! बारीक जाळीचा, धुक्यासारखा हलका. तो दुसरा मी काहीच आवाज न करता वाकत होता. कुशीत लाल डाग उमटला, की इथे फाटणार हे तिला कळे. ती साच्याची गोलाई थोडी बदले आणि मला पुन्हा वाकवी. आपलंच स्वप्न बाहेरून बघावं, तसा मी जमिनीवर पडून बघत होतो. कितीदा फाटलो, पण एकदाही दुखलं नाही. शेवटी डाग उमटलाच नाही.

मग यंत्र चालवणाऱ्या निकेतने मला खऱ्या दाबयंत्रावर चढवलं. दाब हळूहळू उतरला. मी कण्हलो, पण चिरलो नाही. दाब निघताच मात्र मी थोडा परत उसळलो.

"गेला! सरळ झाला यो!" काका ओरडले.

"थांबा काका," मृणाल म्हणाली. "तो एवढा उसळणार हे धरूनच जास्त वाकवलाय."

निकेतने हव्या त्या गोलाईत कापलेला लाकडी फर्मा माझ्यावर टेकवला. मध्ये उजेडाची रेघसुद्धा राहिली नाही. काका माझ्या गोलाईवरून नुसता हात फिरवत राहिले.

त्यानंतर कितीतरी भरत्या मी अंगावर घेतल्या. लोकांनी माझ्या डौलाचं कौतुक केलं, मग मला विसरले. आता काका थकलेत. बोट त्यांची सून अमिषा चालवते. "रंग पुढच्या खेपेला," ती दरवर्षी म्हणते. रंगाखाली गंज मला हळूच खातो आहे.

मित्रांनो, बोटीत चढाल तेव्हा अमिषाला माझी आठवण करून द्या. गंज खरवडा, गोड्या पाण्याने धुवा, रंगाचा एक हात द्या. तुम्ही आत बसून दूरचे माड बघत असता, तेव्हा तुमच्या आणि खाडीच्या मध्ये मी एकटाच असतो.