भिंतीत चिणलेली टोके

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. ओसाका शहरातल्या एका बोळात उभ्याने सुशी खायचे छोटे दुकान होते. तिथे गिऱ्हाईक आणि मालक यांच्यामध्ये मी असे. साडेचौदा फूट लांब, आणि अंगात कुठे एकही सांधा नाही! याचा मला भारी गर्व होता.

दुकान बांधताना मालक कात्सुहिको यांनी माझे एकेक टोक वीतभर भिंतीत चिणले आणि वरून गिलावा केला. एकतीस वर्षे मी तशीच होते. रोज सकाळी मालक मला ओल्या फडक्याने मायेने पुसत. पण पुसून का कोणी मोकळे होते?

दुकानात आठ माणसे मावत. नववे आले की न सांगता सगळे खांदे तिरके करीत.

"सरका रे! बांगडा संपला तर एकेकाला बघून घेईन," म्हणत सोनोए आजी शिरत. इमारत त्यांचीच. लोक बोटांनी चार घास खात, चहा पीत आणि निघून जात. मला त्यांचा हेवा वाटे. मला तर खांदासुद्धा तिरका करता येत नव्हता.

मग इमारत पाडायचे ठरले. मालकांनी पुढच्या स्टेशनजवळ जागा पाहिली, तीही माझ्याच मापाची.

"बाबा, टोकं कापू या. अर्ध्या तासाचं काम," त्यांची मुलगी चिनात्सु म्हणाली.

"जिच्यावर एवढी वर्षं लोकांना जेवू घातलं, तिच्यावर करवत चालवू?"

"मग भिंत फोडा."

"दुसऱ्याची भिंत? जागा घेतली तशी परत द्यायची असते."

"निदान आजींना विचारा तरी!"

"त्यांचं घरदार चाललंय, आणि मी फळीचं रडगाणं गाऊ? ती इथे राहिली तर मीही थांबलो. दुकान बंद."

ते ऐकून मला फार वाईट वाटले. माझ्यापायी तेही अडकले होते, आणि मला बोलता येत नव्हते.

शेवटच्या दिवशी दुपारी आजी आल्या, तेव्हा चिनात्सु गिऱ्हाइकांना वाढत होती आणि मालक स्टुलावर चढून भिंतीतल्या भोकांत लांबी भरत होते.

"कात्सु, हे काय चाललंय?"

"खिळ्यांची भोकं बुजवतोय, मालकीणबाई. जागा नीट करून द्यायला हवी."

"अरे, सोमवारी यंत्र येऊन सगळं भुईसपाट करणार! भोकं कोणाला दाखवतोस, यंत्राला?"

दुकानभर हशा पिकला. मालक कानापर्यंत लाल झाले. आजींपुढे बांगडा ठेवताना चिनात्सुला मात्र राहवले नाही.

"आजी, बाबांना ही फळी न्यायचीय. तुमच्या भिंतीपायी गप्प बसलेत. दुकानसुद्धा बंद करायला निघालेत."

आजींनी हातातला घास खाली ठेवला.

"एकतीस वर्षं माझ्यापुढे बांगडा ठेवलास, आणि एवढं मागायला तोंड शिवलं होतं तुझं? घण आण."

"पण भिंत तुमची..."

"माझी आहे म्हणूनच सांगते. फोड!"

गिऱ्हाइकांनी सवयीने खांदे तिरके केले आणि मालकांना घण उचलायला जागा झाली. गिलावा धडाधड पडला. मग आठ जणांनी मला उचलून बाहेर बोळात नेले. माझ्यावर ऊन पडले. मला रडता आले असते तर मी रडले असते.

आता मी नव्या दुकानात आहे. माझी दोन्ही टोके मोकळी आहेत, आणि भिंतीत होती तेवढी अजून पांढरी आहेत. तिथे कोणाचा हातच पोहोचला नव्हता. डाव्या टोकावर आता सोनोए आजी कोपर टेकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी असे अडकलेले असेल. त्याला रोज मायेने पुसता, ते चांगलेच आहे. पण त्याच्यासाठी कोणाकडे शब्द टाकायचा असेल तर संकोच करू नका. माझी सुटका एका न विचारलेल्या प्रश्नापायी अडली होती.