मुरलीनं निवडून दिलेलं अ‍ॅप

चेन्नईजवळच्या या आवडी गावात कुणी मराठी बोललं की माझी अक्कल गहाण पडते. भाजीवाल्याला मी तीनदा उलटसुलट विचारेन, पण आपल्या भाषेतला माणूस दिसला की झालं, लगेच घरात घेऊन चहा! मुरली असाच घरात आला. तंजावरी मराठी, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि आमच्या मराठी मंडळाचा कीबोर्डवाला. मला ‘अक्का’ म्हणायचा.

मंडळाच्या गणपतीसाठी नवं गाणं हवं होतं. शब्द आणि चाल मी बांधली, आयुष्यातली पहिली. ह्यांनी आपला टॅब मला देऊन टाकला. त्यावर एक अ‍ॅप घेऊन मी पेटी, तबला, आवाज असं वेगवेगळं भरून एकमेकांवर बसवायला शिकले. गाणं जवळजवळ झालंच होतं, तरी शंका आली, अ‍ॅप बरोबर निवडलंय ना? मुरलीला विचारलं.

"अय्यो अक्का, ते लहान पोरांचं! दुसरं चांगलं आहे. मी लावून देतो."

दिलं की लावून! खातं स्वतःच्याच नावानं उघडलं, "पासवर्डची कटकट तुम्हाला कशाला" म्हणून. माझं गाणं त्यात नेलं. मग म्हणाला, टॅब भरलाय, जुनं काढून टाका. मी बावळट, काढलं.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर गाणं आलं. शब्द माझे, चाल माझी, ठेकासुद्धा माझा. आवाज तेवढा त्याच्या बायकोचा. खाली लिहिलेलं, ‘गीत-संगीत : मुरली’. अ‍ॅप उघडायला गेले तर ते पासवर्ड मागत बसलं.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही थोडं सुचवलंत अक्का, केलं मीच की. तुमच्याकडं दाखवायला काय आहे?"

भांडखोर म्हणून आमच्या क्वार्टर्समध्ये माझी ख्याती, आणि मी फोन हातात धरून ढसाढसा रडले. गाणं नेलंन् ते नेलंन्, पण गोड बोलून माझ्याच हातानं पुसायला लावलंन् मेल्यानं!

मंडळाच्या अध्यक्ष राजसबाई. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, गाणं देवाचं. त्यात तुझं-माझं कसलं?"

रविवारी तालीम होती. जाणारच नव्हते, पण माझं गाणं मला दुसरीकडे कुठं गायला मिळणार होतं? गेले. कोरसात मागच्या रांगेत उभी राहिले. तिसऱ्या ओळीत, ‘मोरया’च्या आधी, मी क्षणभर थांबले. चालच तशी होती. मुरलीनं कीबोर्डवरचा हात उचलला.

"अक्का, तिथं थांबायचं नाही. चाल तशी नाही."

"अरे, चाल माझी..."

पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. राजसबाई हसल्या. "घ्या हो पुन्हा पहिल्यापासून. शिकेल अलकनंदा."

पुन्हा सुरू झालं. तिसरी ओळ आली. मी थांबले नाही.