शिडीच्या जागी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे; पण शाळेतला नव्हे आणि बागेतलाही नव्हे. माझ्यावर माणसे पालथी पडतात, डोळे मिटतात आणि कण्हतात. मी एका फुटबॉल क्लबातला मालिशीचा बाक.

मला ज्या सुताराने घडवले, त्याने तोवर फक्त पलंग आणि दारे केली होती. क्लबच्या मालिशवाल्यांनी त्याला सांगितले की डोक्याच्या बाजूला तोंड मावेल एवढे भोक ठेवा. सुताराला ती थट्टा वाटली. मग मालिशवाल्यांनी त्यालाच जमिनीवर पालथे झोपवले आणि त्याची पाठ रगडायला घेतली. नाक फरशीवर चेपले, तेव्हा कुठे सुताराला भोकाचे महत्त्व पटले. त्याच्या बायकोने माझ्यावर जाड रेग्झिन ठोकले आणि आत काथ्या इतका गच्च भरला की पहिले वर्षभर खेळाडू मला धोंडाच म्हणत.

माझी खोली मैदानाला लागून होती. एक खिडकी, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात बर्फाची पेटी आणि बारा महिने तेलाचा व ओल्या मोज्यांचा वास. मैदानावर वाघ असणारे गडी इथे आले की मांजर होत. मालिशवाल्यांना सगळे काका म्हणत. काकांची बोटे जाड आणि जीभ सैल. पोटरी दाबता दाबता ते प्रत्येकाच्या घरची विचारपूस करत, त्यामुळे कोणाच्या सासूला काय झाले आहे हेही मला ठाऊक असे. एकदा आमच्या क्लबने करंडक जिंकला, तेव्हा कर्णधाराने तो आधी माझ्यावर आणून ठेवला आणि म्हणाला, निम्मा करंडक या बाकाचा. मी इतका फुगलो की एक खिळा सैल झाला.

मग शिडी आला.

तो दूर देशाहून आला होता. खरे नाव कोणाच्या जिभेवर नीट बसेना, आणि माणूस ताडमाड उंच; म्हणून सगळे त्याला शिडी म्हणू लागले. त्याचे पाय माझ्याबाहेर लोंबकळत. काकांनी त्याच्यासाठी बर्फाची पेटी ओढून पायांखाली घेतली, तेव्हापासून ती पेटी माझे शेपूटच झाली. आमची भाषा तो माझ्यावर पडूनच शिकला. "काका, माझी गुडघा दुखते," तो म्हणायचा. काका सांगायचे, गुडघा तो. पाय तो, मांडी ती, पोट ते. शिडी हसून विचारायचा की एकाच माणसात एवढी माणसे कशी राहतात?

पुढे त्याची बायको आणि छोटी मुलगीही आली. क्लबने दिलेल्या घरात त्यांचा संसार मांडला गेला, मुलगी शाळेत जाऊ लागली आणि वर्ष पालटायच्या आत बापाच्या चुका सुधारू लागली. शिडीने त्या हंगामांत पुष्कळ गोल केले. नंतर नंतर थोडे कमी केले. पण प्रेक्षकांना तो आवडे आणि काकांना तर घरचाच वाटे.

माझ्यावर पडल्या पडल्या तो रोज मायदेशी फोन करायचा. फोन बहुधा मेहुण्याला असे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला. त्या पोराच्या पायाला पहिला चेंडू शिडीनेच लावला होता. ऐकून ऐकून मला त्यांची भाषा कळू लागली. बचावपटू अंगावर आला की खांदा कसा वळवायचा, चेंडू कोणत्या पायाखाली घ्यायचा, हे तो मेहुण्याला तासन् तास समजावत असे. आता तो पोर राहिला नव्हता, चांगला चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी झाला होता. शिडी त्याच्यासाठी क्लबातही शब्द टाकत होता. त्याने प्रशिक्षकांना मेहुण्याच्या खेळाची चित्रफीत दाखवली आणि छाती पुढे काढून सांगितले की हा माझ्याहून चांगला आहे.

आमच्या स्पर्धेत एका संघाला परदेशी खेळाडू दोनच ठेवता येत. एक शिडी आणि दुसरा आमचा गोलरक्षक. गोलरक्षक थकला होता, आता घरी जातो असे म्हणत होता. त्याच्या जागी मेहुणा येईल आणि आपण दोघे एकाच मैदानावर खेळू, हे शिडीचे स्वप्न. प्रशिक्षक मान हलवत, बघू म्हणत. त्या मान हलवण्याचा अर्थ आम्हा कोणालाच कळला नाही.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे, त्याचा धक्का अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

हंगाम अर्ध्यावर आला होता. नेहमीसारखी सकाळ होती. शिडी पालथा पडला होता. काकांनी त्याचा उजवा पाय पुरा केला आणि डाव्यासाठी तेल हातावर घेतले, इतक्यात त्याचा फोन वाजला. बायको होती. ती पावाच्या दुकानात गेली होती. दुकानदारीण बाईने तिला एक पाव जास्तीचा दिला आणि म्हणाली, प्रवासात असू द्या, तुमची फार आठवण येईल.

"आपण कुठे चाललोय?" बायकोने विचारले.

शिडी हसला. कुठेच नाही म्हणाला. बाईंची काहीतरी गफलत झाली असेल म्हणाला. फोन ठेवतो न ठेवतो तोच कर्णधार आला. हा गडी एरवी दार लाथेने उघडायचा, त्या दिवशी दार वाजवून आला. त्याने आपला फोन शिडीपुढे धरला. क्लबने सगळ्या जगासाठी शिडीचा फोटो टाकला होता आणि खाली दोन ओळी होत्या: आपल्या योगदानाबद्दल आभार. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

शिडीने त्या अक्षर अक्षर लावून वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग त्याने मान वर केली आणि अगदी हळू विचारले, "काका, योगदान तो की ती?"

"ते," काका म्हणाले. त्यांच्या हातावरचे तेल फरशीवर ठिपकत होते.

मी लाकडाचा; पण त्या घटकेला माझ्यापेक्षा तोच जास्त लाकूड झाला. त्याचे अंग मी इतकी वर्षे पेलले होते, थकलेले, सुजलेले, आनंदाने थरथरणारे. असे निर्जीव कधी पेलले नव्हते.

थोड्या वेळाने क्लबचे चिटणीस आले. घाम पुसत म्हणाले की मालिश झाली की सांगणारच होतो, पण बातमी आधीच फुटली. संघाला ताज्या दमाचा माणूस हवा आहे, गोलरक्षकाला अध्यक्षांनी आग्रहाने ठेवून घेतले आहे, तेव्हा जागा करणे भाग होते. क्लबचे घर मात्र महिनाअखेर रिकामे करावे लागेल. आणि नवा खेळाडू आजच येतो आहे, डॉक्टर त्याला इथेच तपासणार आहेत, तेव्हा बाक जरा मोकळा झाला तर बरे. हे शेवटचे वाक्य बोलताना ते माझ्याकडे बघत होते, शिडीकडे नाही.

शिडी उठून उभा राहिला. कोण येतो आहे, हे तो विचारणार तेवढ्यात दार उघडले आणि पाठीवर पिशवी घेतलेला एक गडी हसत आत आला. त्याने धावत येऊन शिडीला मिठी मारली.

"भाऊजी! विमानतळावर का नाही आलात? मला तर कोणाला सांगायचीच बंदी होती. म्हटलं, चला, तुम्हालाच चकित करू."

काकांना त्यातला एक शब्दही कळला नाही, पण दोघांची गळाभेट पाहून त्यांना सगळे कळले. ते मटकन बर्फाच्या पेटीवर बसले. कर्णधार खिडकीबाहेर बघू लागला. खोलीत फक्त एकाच माणसाला काही ठाऊक नव्हते, आणि तोच हसत होता.

चिटणीसांची आता दुसरीच पंचाईत झाली. ती परकी भाषा क्लबात एकट्या शिडीला येत होती. त्याची बायको नवी आली तेव्हाही दुभाषा तोच होता. सवयीने चिटणीस त्यालाच म्हणाले, "त्याला सांगा, तपासणीसाठी इथे झोप." शिडीने सांगितले. मेहुणा माझ्यावर पडला. चिटणीसांनी घसा साफ केला. "आणि त्याला सांगा... म्हणजे, करार कोणाच्या जागी आहे, तेही त्याला कळलेलं बरं."

मित्रांनो, ह्या जगात कोणाला स्वतःची हकालपट्टी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्याच माणसाला समजावून सांगावी लागली असेल का? शिडीने ती सांगितली. शब्द खाल्ला नाही की वाढवला नाही.

मेहुणा माझ्यावरून असा उठला जणू मी तापलेला तवा आहे. "तिकडच्या दलालाने मला सांगितलं, दोघं मिळून खेळाल. मी सही करणार नाही. ताईला काय तोंड दाखवू?"

ताई दारातच उभी होती. पावाच्या दुकानातून ती थेट क्लबात आली होती, हातात तो जास्तीचा पाव तसाच होता. भावाला पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग नवऱ्याकडे पाहून विझला. तिने भावाला विचारले, तुला माहीत होतं? तो नाही म्हणाला. नवऱ्याला विचारले, तुला? त्यानेही नकारार्थी मान हलवली. मग ती चिटणीसांकडे वळली आणि आमच्या स्वच्छ भाषेत म्हणाली, "मग माहीत होतं तरी कोणाला? पाववाल्या बाईंना?"

चिटणीस पुटपुटले की अध्यक्ष, प्रशिक्षक आणि मी, असे आम्ही तिघेच.

"शाळेत मुलीला कोणीतरी सांगेल," ती नवऱ्याला म्हणाली. "चल. तिला तरी आपल्या तोंडून कळू दे."

शिडी तसाच निघाला. एक पाय तेलाने चकाकत होता आणि दुसरा कोरडा. मेहुणा माझ्या पायाशी फरशीवर बसून राहिला. डॉक्टर आले, ताटकळले आणि गेले. काकांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, त्याने तो हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

ऊन कलल्यावर तिघे परत आली. मुलीचे डोळे सुजले होते. पण मामाला पाहताच ती त्याच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने विचारले की तू आता आमच्याच घरी राहणार ना? मामाला रडू फुटले. एवढा दांडगा गडी, पण भाचीच्या खांद्यावर डोके ठेवून रडला.

शिडी त्याच्याशेजारी फरशीवर बसला. "ऐक. मला राग आलाय. खूप आलाय. पण तुझा नाही. तू नाही म्हणालास, तर ते उद्या तिसऱ्याला आणतील आणि आपण दोघंही घरी बसू. मी सांगितलं होतं तू माझ्याहून चांगला आहेस. मला खोटं पाडू नकोस."

मेहुण्याने शिडीकरवीच चिटणीसांना निरोप दिला: सही करतो, पण मला नवे घर नको. मी ताईच्याच घरात राहीन, आणि भाचीची शाळा संपेपर्यंत त्या घराला कोणी हात लावायचा नाही. चिटणीसांनी ते कबूल केले. मला वाटते, त्या दिवशी त्यांनी काहीही कबूल केले असते.

सगळे निघाले, तेव्हा काकांनी शिडीला हाक मारली. "डावा पाय राहिलाय."

"काका, मी आता क्लबचा नाही."

"मी पायाला तेल लावतो, क्लबला नाही. झोप."

तो झोपला. काकांनी पोटरीपासून टाचेपर्यंत पाय नीट रगडला. भोकातून खालच्या फरशीवर थेंब पडत होते, आणि ते तेलाचे नव्हते.

शिडीला पुढे शेजारच्या गावातल्या लहानशा संघात काम मिळाले. सुट्टीला तो घरी येई. मेहुण्याला पहिल्या सामन्यात प्रेक्षकांनी "शिडी, शिडी" ओरडून हैराण केले. बिचाऱ्याला भाऊजींचे हे टोपणनाव ठाऊक नव्हते; त्याला वाटले, आपले कौतुकच चालले आहे, आणि त्याने हात हलवून सगळ्यांचे आभार मानले. लोक हसले आणि तिथून त्याला लोकांनी आपला म्हटले. हळूहळू तो आमची भाषा शिकला आणि गोलही करू लागला.

नंतरच्या हंगामात गोलरक्षकाचे गुडघे खरोखरच संपले. आता त्याच्या जागी दुसरा परदेशी आणायचा होता. अध्यक्षांनी पत्रक काढा म्हणून सांगितले. पण चिटणीस माझ्या खोलीत आले, मेहुण्याजवळ उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, "मी आधी गोलरक्षकाच्या घरी जातोय. तुम्ही याल सोबत?" दोघे गेले. गोलरक्षकाच्या स्वयंपाकघरात बसून, त्याच्या बायकोसमोर, त्यांनी सगळे सांगितले, असे मेहुणा नंतर काकांना म्हणाला. दुसऱ्या दिवशी गोलरक्षक मालिशीला आला आणि माझ्यावर पडून रडला. खूप रडला. पण ते अंग दगड झाले नव्हते. मध्येच त्याने काकांना सांगितले, जरा जोर लावा.

मित्रांनो, मीही फार टिकलो नाही. क्लबने बटणावर वर-खाली होणारा नवा बाक आणला. मला कोठीत फाटक्या जाळ्यांखाली टाकले, तिथे ओल लागून माझा एक पाय कुजला. शेवटी काकांनी मला आपल्या घरी नेले आणि नवा पाय बसवला. आता शेजारपाजारची म्हातारी माणसे पाठ दुखली की माझ्यावर येऊन पडतात.

माझी तक्रार नाही. बाक बदलतात, संघ बदलतात, खेळणारेही बदलतात. त्याशिवाय खेळ चालत नाही. उद्या तुमच्यातले कोणी कर्णधार व्हाल, कोणी चिटणीस व्हाल, आणि कोणाला तरी काढायची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा एवढे करा. दुकानात कळायच्या आधी त्याच्या घरी जा, त्याच्यासमोर बसा, आणि त्याचे बोलून होईपर्यंत उठू नका.