माशांची एकादशी

ब्याऐंशी साली खाऱ्या पाण्याची काचपेटी घरात आली आणि बोरगाव मेघेत देवकाबाईंचा भाव वधारला. मुलगा ओमप्रकाश रेल्वेत. त्यानं मुंबईहून डबे भरभरून समुद्राचं पाणी आणलं, शिवाय पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. पेटी मात्र सुनेची, प्रमिलाची. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि दोन मासे सांभाळणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता.

देवकाबाईंना देवळाच्या तळ्यात माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची सवय. इथे तर समुद्रच घरी आलेला. त्या स्वतः गोळ्या टाकत, आल्यागेल्याकडूनही टाकवून घेत. पुण्य काय एकटीनं ओरपायचं?

थोड्याच दिवसांत काचेवर शेवाळ चढलं, मासे मलूल झाले. प्रमिलानं पाणी प्रयोगशाळेत तपासलं. परीक्षानळीत तपकिरी कडं उमटलं, म्हणजे नायट्रेट भरमसाट. उरलेली कणीक कुजून ते वाढत होतं, आणि नव्या पेटीत ते संपवणारे जिवाणू अजून रुजले नव्हते. उपाय तिला तोंडपाठ होता. थोडं पाणी बदलायचं आणि खाणं आवरायचं. पाण्याचा एक डबा शिल्लक होता. खाणं आवरायचं म्हणजे सासूबाईंना आवरायचं.

देवकाबाईंनी साफ सांगितलं की या घरात कोणताही जीव उपाशी राहिला नाही, राहणार नाही. प्रमिला वाद घालत बसली नाही.

"आई, उद्या एकादशी हाय. आपण उपास करतो, मंग माशाईनं काऊन नाई करावा?"

देवकाबाईंना ते एकदम पटलं. शेवटी ते विष्णूच्या शेजारचे जीव. एकादशीला सकाळी पेटीतलं थोडं पाणी काढून, डब्यातलं भरून प्रमिला खुशीत कॉलेजला गेली.

संध्याकाळी येऊन पाहते तो पेटीतलं पाणी पांढरंफटक आणि एक मासा आडवा. तिनं विचारलं, काय टाकलं?

"उपासाचंच टाकलं न. साबुदान्याची उसळ."

चिडावं तरी कुणावर? या घरात उपासाच्या दिवशी दुप्पट खातात, हे इतकी वर्षं त्याच पंगतीत बसून तिला ठाऊक नव्हतं थोडंच. ती फडक्यानं साबुदाणा गाळू लागली. आडव्या माशाकडे पाहून देवकाबाईंचे डोळे भरले. माह्या हातानं झालं, म्हणून त्या पेटीशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. सकाळी ओमप्रकाश ड्युटीवरून नवे डबे घेऊन आला. पाणी बदललं आणि दुपारी मासा सरळ झाला. त्या दिवसापासून कणीक घेऊन येणाऱ्याला देवकाबाई दारातूनच परत पाठवू लागल्या. परीक्षानळीतलं कडं फिकं होत गेलं, आणि प्रमिलाची मान पुन्हा ताठ झाली.

पुढच्या एकादशीच्या आदल्या संध्याकाळी तिनं साबुदाणा भिजत घालायला काढला. देवकाबाईंनी तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"उद्या मासे कडक उपास करतीन अन् आपण त्याईच्यासमोर उसळ खावाची? बरं दिसते काय?"

साबुदाण्याचा डबा त्यांनी फळीवर ठेवून दिला, अगदी वरच्या.