अर्ध्या तासानं माझं झाकण लावा

मी एक जुना पियानो आहे, आणि मला कुणाची कीव नको आहे. आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, माझं लाकूड सागाचं. पोटात पोलादी तारा आणि त्यांवर आपटणाऱ्या लोकरीच्या हातोड्या. कोलकात्याच्या कारखान्यात मी तयार झालो आणि कुंभकोणमच्या एका शाळेत आलो. शाळेनं मला वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनात, पाहुण्यांपुढं मिरवलं. काय सुंदर वाद्य, असं पाहुणे म्हणायचे. उरलेलं वर्ष माझ्या डोक्यावर ढाली आणि चषक. कावेरीकाठच्या दमट हवेनं माझ्या पट्ट्या फुगल्या, उंदरांनी लोकर कुरतडली. मग एक दिवस शाळेला जागा हवी झाली, तेव्हा त्यांना मी अडगळ वाटलो.

तिथून मला गिरिधरनं घरी आणलं. गिरिधर बँकेत अधिकारी. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्याचे वडील हनुमंतराव जवळच्याच मरुदानल्लूर मठातल्या भजनांत वाढलेले. गिरिधरनं माझ्या तारा जुळवून घेतल्या, लोकर बदलली. सगळं त्याच्या सात वर्षांच्या मुलीसाठी, कीर्तीसाठी. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं एक पट्टी दाबली आणि आवाज पार विरेपर्यंत कान लावून बसली. इतक्या वर्षांत मला असं कुणी ऐकलं नव्हतं.

शिकवायला तंजावरहून लावण्या टीचर दर रविवारी येऊ लागल्या. आणि इथंच घरच्यांनी घोळ घातला. प्रेमानं घातला म्हणून मी तो झाकणार नाही.

भजनाला क्रम असतो. आधी गुरूला वंदन, मग ठरलेली पदं ओळीनं. मधलं गाळायचं नाही, मधून उठायचं नाही. बापलेकांनी हाच कायदा मला लावला. दर रविवारी कीर्तीनं पहिल्या धड्यापासून सुरू करायचं, आजवर शिकलेलं सगळं वाजवायचं, आणि नवा धडा सर्वांत शेवटी. म्हणजे पोर जितकं शिकेल तितकी शिकवणी लांबणार! अर्ध्या तासाचा तास झाला, मग दोन, मग त्याहून जास्त. नवा धडा येईपर्यंत तिची बोटं बधिर. तो चुकायचाच. चुकला की हनुमंतराव म्हणायचे, अजून बसायला हवं. मग आठवडाभर ती माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. कोण राहील?

लावण्या टीचरांनी स्पष्ट सांगितलं की या वयाला अर्धा तास पुरे, पण आठवड्यातून दोनदा. बुधवारी त्या गावातल्याच एका शाळेत शिकवायला येतात, तिथून परतताना इथं येतील.

हनुमंतराव हसले. "टीचरम्मा, आम्ही एकादशीस सारा दिवस बसतों."

"बसता की, तात्ता," त्यांना तमिळमध्ये आजोबा म्हणत टीचर उत्तरल्या. " मधून चार वेळा कॉफीही पिता. हिला कोण देतं?"

गिरिधर हसला नाही. क्रम मोडला तर शिस्त राहत नाही, एवढंच म्हणाला.

शेवटी कीर्तीनं आईला, सुब्बलक्ष्मीला, सांगून टाकलं की तिला पियानो नकोच. गिरिधर दुखावला. नको तर नको म्हणाला. स्वामीमलैच्या एका हॉटेलवाल्यानं मला शोभेसाठी मागितलंच होतं, पुढच्या रविवारनंतर देऊन टाकू. सांगतो मित्रांनो, मला राग हॉटेलचा आला नाही. ऐकणारा कान या घरानं स्वतःच्या हातानं बंद केला, त्याचा आला.

तो रविवार आला. कीर्तीनं पहिला धडा वाजवला. मग सगळे गाळून एकदम नवा घेतला. ताज्या बोटांनी, सावकाश, पहिल्यांदाच नीट. तो संपताच तिनं हात जोडले आणि आजोबांच्या चालीत मंगळ म्हटलं.

मंगळ हे भजनाचं शेवटचं पद. ते झालं की पुढं कुणी काही गात नाही. हनुमंतराव सवयीनं उठून, हात जोडून उभे राहिले होते.

"कीर्ति, हे काय?" गिरिधरनं विचारलं.

"मंगळ झालं, अप्पा. आतां पुढं वाजवितां येत नाहीं."

गिरिधरनं वडिलांकडं पाहिलं. म्हातारा तसाच उभा.

"झालं ते झालं," हनुमंतराव म्हणाले. "मंगळावर पद घेण्याची रीत आपल्यांत नाहीं. सुब्बा, कॉफी आण. पोरीसही दूध दे."

हॉटेलवाल्याला गिरिधरनं नाही म्हणून कळवलं. मी अजून इथंच आहे. रविवारी अर्धा तास, बुधवारी अर्धा तास. एरवी कीर्ती येताजाता थोडं वाजवते, एखादा दिवस वाजवत नाही. मोठी होईल तेव्हा पूर्ण तास बसेल. कधी, ते तिचे खांदे सांगतील.

आता तुम्ही ऐका. मला महिनाभर झाकून ठेवून एका दिवशी कुटू नका. माझ्यावर चषक मांडू नका. आणि शिकवणी किती वेळ ठेवायची हे आपल्या हौसेला विचारू नका, बाकावरच्या पोराला विचारा. त्याची अजून वाजवायची इच्छा शिल्लक असतानाच माझं झाकण लावा. ते रडेपर्यंत थांबणार असाल, तर मला खुशाल हॉटेलात पाठवा. मुकं उभं राहीन, पण पोराला छळायच्या कामी येणार नाही.